उन्हाळ्यातलं पांघरूण

“उन्हाळ्यात पांघरायला काही मिळेल का?”

प्रश्न ऋचाचा नव्हताच. तो मिताली आणि सुरभीने डोकं लावून शोधला होता, आणि पैज अशी होती की विमलताईंच्या नर्सरीतल्या त्या उंच, कमी बोलणाऱ्या मुलाला तो जाऊन विचारायचा. हसायचं मात्र नाही. मे महिना, पुसदचं ऊन, डांबराला चप्पल चिकटत होती... आणि म्हणे पांघरूण. दोघी मैत्रिणी फाटकाजवळच्या जास्वंदीमागे तोंडात ओढणी कोंबून उभ्या होत्या.

मुलाने हातातला पाइप खाली ठेवला. ऋचाकडे एकदा नीट पाहिलं.

“भेटन ना,” तो म्हणाला. “कोणाले पांघरवायचं? वांग्याले का टमाट्याले?”

“वांग्याला,” ऋचाच्या तोंडून निघून गेलं. दुसरं सुचलंच नाही.

मग तो मागे गेला आणि पोतंभर कुटार घेऊन आला. सोयाबीन मळल्यावर उरतो तो भुसा. वाफा आधी भिजवायचा, मग चार बोटं जाडीचा थर द्यायचा, खोडापाशी मात्र चार बोटं जागा मोकळी सोडायची, असं सगळं तो शांतपणे सांगत होता. त्यापुढेही काहीतरी सांगितलं त्याने, पण तोवर ऋचाला त्याच्या भुवईत अडकलेली कुटाराची एक काडी दिसली होती. ती काडी आता पडेल, मग पडेल, याच्याच नादात शेवटचं वाक्य हवेत गेलं.

पैज ती जिंकली. पण घरी जाताना हसत मैत्रिणी होत्या, आणि पोतं उचलून चालली होती ऋचा.

घरामागे खरंच वांग्याचा एक वाफा होता, हे नशीब. बाबांनी, म्हणजे नंदकिशोररावांनी, हौसेने रोपं लावली होती आणि उन्हाने माना टाकल्यावर तितक्याच शांतपणे सोडून दिली होती. पंचायत समितीच्या कचेरीत आयुष्य गेलेला माणूस, प्रकरण बंद करायची सवय. ऋचाचंही एक प्रकरण त्यांनी असंच मिटवलं होतं. बारावी झाली, अठरा पूर्ण झाले, नीटचा पेपर अवघड गेला, तर आता वर्षभर नागपूरला क्लास. तिला कृषीला जायचं होतं. ते ऐकून ते म्हणाले होते, तुझ्याच्याने तर कुंडीतली तुळस जगत नाही.

पोतं पाहून ते हसले. “जूनच्या पहिल्या रविवारपर्यंत हा वाफा जगवून दाखव. मग बोलू कृषीचं.”

ते गमतीत बोलले होते. ऋचाने मात्र ती गोष्ट मनावर घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वावटळ आली आणि बरंचसं कुटार उडून शेजारच्या बसंतीबाईंच्या अंगणात गेलं. तिथे खाटेवर ओल्या कुरडया वाळत होत्या. बसंतीबाईंनी एकेक कुरडई उचलून दाखवली, प्रत्येकीला दाढी आली होती.

“वरून पाणी शिंपडाले सांगतलं होतं ना मी,” ऋचा पुन्हा नर्सरीत गेली तेव्हा तो मुलगा म्हणाला. त्याचं नाव पियुष, हे तोवर ऋचाला कळलं होतं. फुलसावंगीच्या घनश्यामरावांचा मुलगा, कृषीच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन मावशीच्या नर्सरीत आलेला. “ध्यान कुठं होतं तुमचं?”

“...पोत्याकडे.”

“हो का,” तो म्हणाला, आणि त्याने उगाचच आपली भुवई पुसली.

त्यानंतर ऋचाला रोज काही ना काही विचारायचं असायचं. काळा प्लास्टिकचा पेपर चालेल का? एवढ्याशा वाफ्याले पेपर कायले, तो म्हणायचा, उद्या मातीत जिरंल असं टाक. उसाचं पाचट? चालतं, पण बारीक करा लागते. प्रश्न संपले की ती रोपांची नावं विचारायची. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

आणि तरीही चूक केलीच तिने. पियुषला न विचारता काहीतरी मोठं करून दाखवायचं म्हणून सुरभीच्या घराजवळून सागाची वाळलेली पानं आणली. सुपाएवढी पानं, वाऱ्याने हलणार नाहीत अशी. उरलेल्या कुटारावर तिने ती एकावर एक, कौलं शाकारावीत तशी मांडली. इतकं देखणं झालं की आईने फोटो काढला. रोज सकाळ-संध्याकाळ ती झारीने पाणी घालत होती.

पाचव्या दिवशी वांगी मेल्यासारखी झाली. रविवार दहा दिवसांवर होता.

ती नर्सरीत पोचली आणि एवढंच म्हणाली, वांगी गेली. पियुषने विमलताईंना सांगून गाडी काढली आणि तिच्या सायकलमागे घरापर्यंत आला. आईने, म्हणजे शीलाताईंनी, दिलेलं पाणी उभ्यानेच प्यायला आणि वाफ्यापाशी उकिडवा बसला. एक पान उचललं, बोट मातीत घातलं. माती कोरडीठाक. पाणी पानांवरून घरंगळून शेजारच्या नालीत जात होतं.

“तू तर वाफ्यावर छप्पर टाकलं, ऋचा.”

तिला रडू आलं. “संपलं ना सगळं?”

“काहून संपन? पानं चांगलीच हायत. फक्त फाडा लागतात.”

मग दोघं समोरासमोर बसून पानं फाडत राहिली. कर्र... कर्र... असा आवाज, वाळलेल्या सागाचा वास. वाफा सावकाश, खोलवर भिजवला. खाली कुटार, वर पानांचे तुकडे, म्हणजे पानं कुटाराला उडू देणार नाहीत आणि कुटार पानांना चिकटू देणार नाही. ऋचा खोडाला अगदी बिलगून थर देत होती. त्याने हात मध्ये घातला. तिच्या हाताला लागला, आणि लगेच मागे घेतला.

“चार बोटं सोड,” तो हळूच म्हणाला. “माया असली तरी चिकटून नाई बसायचं. खोड सडते.”

“सगळ्यांचंच?”

त्याने पुढचं पान फाडायला घेतलं. कान मात्र लाल झाले होते, आणि ते काही उन्हाने नव्हे.

जूनच्या पहिल्या रविवारी सकाळी ऋचा धावतच नर्सरीत गेली. वांग्याला जांभळी फुलं आली होती, आणि एका फुलामागे गोटीएवढं फळ. पियुष सागाच्या रोपांना पाणी घालत होता. ऐकून तो हसला, भुवईपर्यंत हसला. मग म्हणाला की त्याला पुढच्या शिक्षणासाठी अकोल्याला जायचं आहे. दोन वर्षं.

पाइपचं पाणी एकाच कुंडीत पडत राहिलं.

त्याने एका रोपाचं कोवळं, हिरवं पान खुडलं. “हात दे.” पान तिच्या तळहातावर ठेवून अंगठ्याने हलकेच चोळलं. हिरव्या पानातून लाल रंग उतरला, गडद, मेंदीसारखा.

“मले तू आवडतो,” ऋचा म्हणाली. घरी कधी न बोललेल्या बोलीत, त्याच्या बोलीत.

पियुष तिच्या तळहाताकडे पाहतच म्हणाला, “मले तर त्याच दिवशी... एवढ्या उन्हात पांघरूण मागतलं तवाच.” मग थांबून म्हणाला, “पण माह्यासाठी कृषी नोको घेऊ.”

“तुझ्यासाठी कशाला? वांग्यासाठी घेतेय.”

तेव्हा कुठे त्याला कुंडी वाहत असलेली दिसली.

ऋचा घरी आली तेव्हा बाबा चहाचा कप घेऊन वाफ्यापाशीच उभे होते. चष्मा वर करून ते ती गोटी न्याहाळत होते. आईची नजर थेट तिच्या हातावर गेली. ऋचाने हात लपवला नाही.

“बाबा, मी नागपूरला जाणार नाही. कृषीचाच अर्ज भरणार आहे, इथेच जिल्ह्यात, यवतमाळला. आणि आई, ही मेंदी नाही, सागाचा पाला आहे. पियुषने लावलाय. तो मला आवडतो. तो अकोल्याला चाललाय, मी इथे शिकेन, घाई कुणालाच नाही... चार बोटं जागा सोडूनच ठेवलीय आम्ही. पण तुमच्यापासून लपवायचं नाही, एवढं मी ठरवलंय.”