सत्तेचाळीस नंबरचं वजन

२८६ ग्रॅम.

उंदराला उलटी होत नाही. पोटात गेलेलं काहीही तो परत बाहेर टाकू शकत नाही.

लाल दिव्यात रक्त ओळखू येत नाही. नुसतं ओलं दिसतं.

माझ्या ताईला तीन वर्षांत एकदाही सुईत दोरा ओवता आला नव्हता.

रेडिओ सहा दिवस बोलला नाही.

डाव्या अंगठ्यावर दोन खुणा. एकमेकींना चिकटून.

…

ज्यांना उंदराचं भूत म्हटल्यावर हसू येतं, त्यांनी इथेच पोटभर हसून घ्यावं. खाली कमेंटमध्ये येऊन मला अक्कल शिकवू नये. मी नऊ वर्षं या कामात काढली आहेत. जे झालं ते माझ्या डोळ्यांसमोर झालं. तेही रात्री नाही. सकाळी दहाच्या सुमारास, रोज, कामाच्या वेळेत.

औषधं माणसांना देण्याआधी प्राण्यांवर तपासतात, अशा एका संस्थेच्या तळमजल्यावर मी कामाला होतो. पिंजरे धुणं, खाणं-पाणी, वजनं, नळीने तोंडातून औषध देणं. खोली क्रमांक चार माझी आणि रेडिओची. रेडिओ म्हणजे माझा जोडीदार. सकाळी आल्यापासून सुटेपर्यंत त्याचं तोंड बंद नसायचं, म्हणून ते नाव.

चार नंबरच्या खोलीतली वेळ उलटी होती.

उंदीर अंधारात जागतो. त्याची हालचाल मोजायची तर अंधारातच मोजायला हवी, आणि आम्ही तर दिवसा येणार. म्हणून बाहेर सकाळचे नऊ वाजले, की आत टायमर खट् करून दिवे घालवायचा. खिडकी नाही. बाहेर लोक चहा घेतायत, आणि आत मिट्ट रात्र. आमच्यासाठी एकच मंद लाल दिवा. लाल रंग उंदरांना दिसत नाही, म्हणतात.

म्हणतात…

थंडीच्या दिवसांत हातांच्या कंपावरचं एक नवं औषध आलं. अठ्ठावीस दिवसांची चाचणी. मोठ्या डोसच्या गटात दहा उंदीर. त्यातला एक सत्तेचाळीस नंबरचा. कानात पत्र्याचा बारीक बिल्ला, त्यावर ४७.

पहिल्या दिवशी २८६ ग्रॅम. अठराव्या दिवशी २३१.

एकोणिसाव्या दिवशी तो कुशीवर पडलेला होता. गार.

मी सरांना बोलावलं. सर म्हणजे त्या चाचणीचे प्रमुख. त्यांनी उंदराकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बाकीचे नऊ ठीक आहेत ना?"

"वजन त्यांचंही थोडं—"

"जिवंत आहेत की नाहीत?"

"आहेत."

"मग याला नळी घालताना तुझ्याच हातून काहीतरी झालं असणार."

"नऊ वर्षांत माझी नळी एकदाही चुकलेली नाही, सर. याला उघडून बघायला हवं. आत काय झालंय ते तरी कळेल."

सर हसले. "बघू या की. उघडायचं, कारण शोधायचं, परत नव्याने चाचणी लावायची. तीन वर्षं कुठेच गेली नाहीत. तुझ्या ताईचा हात कापतो ना रे? तूच रडत होतास माझ्यासमोर. हे तिचंच औषध आहे. सांग जाऊन तिला, अजून तीन वर्षं कळ काढ म्हणावं."

सरांनी कोपऱ्यातल्या पिंजऱ्यांकडे बोट दाखवलं.

"जास्तीचे उंदीर आहेत. एक उचल. याचा बिल्ला काढ, त्याला लाव. लाल दिव्यात सगळे सारखेच दिसतात."

ताई सकाळी कपातला अर्धा चहा बशीत सांडायची. मग मान खाली घालून बशीतूनच प्यायची, कुणी बघत नाही ना बघून. मला तेवढंच दिसत होतं.

मी बिल्ला काढला.

वजनाचं पान मी नव्याने लिहिलं. जुनं फाडायचं राहून गेलं. शूरपणा नव्हे. त्याच्या मागच्या बाजूला मी ताईच्या दवाखान्याचा पत्ता खरडला होता, म्हणून ते पाकिटात राहिलं. मेलेला उंदीर पिवळ्या पिशवीत घालून, बाकी कचऱ्याबरोबर भट्टीत.

म्हणजे बघा. तो मेला. पण कुठल्याच कागदावर मेला नाही. कागदावर तो अठ्ठावीस दिवस जगला आणि वजनही वाढलं त्याचं.

आठ महिने गेले.

एका सोमवारी सकाळी ताईने त्या औषधाची पहिली गोळी घेतली. माणसांवरच्या पहिल्या चाचणीत तिचं नाव लागलं होतं. मी पेढे वाटल्यासारखा सगळ्यांना सांगत सुटलो.

"वा! म्हणजे तुझी ताई आता आपल्या उंदरांची सहकारी झाली," रेडिओ म्हणाला. "तिला सांग, बिल्ला टोचताना फार दुखत नाही."

"गप रे."

"अरे, गंमत केली. वजन करू का तिचं?"

आम्ही अंधारात शिरलो. एका भिंतीला चालू कामाचे उंदीर. समोरच्या भिंतीला बारा रिकाम्या पिंजऱ्यांची रांग. धुतलेले, बाटल्या भरून लावलेले, पुढच्या उंदरांची वाट बघत.

मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

मग कळलं. आवाजच नव्हता…

अंधारात उंदीर गप्प बसत नाहीत. भुसा उकरतात, चढतात, भांडतात. त्या दिवशी साठच्या साठ उंदीर आपापल्या पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात गोळा होऊन बसले होते. सगळ्यांची तोंडं समोरच्या रांगेकडे.

आणि मग…

टक.

टक… टक…

पाण्याच्या बाटलीच्या नळीत एक पोलादी छर्रा असतो. उंदराची जीभ लागली की तो हलतो आणि पाणी येतं. जीभ लागल्याशिवाय हलत नाही.

आवाज रिकाम्या रांगेतल्या तिसऱ्या पिंजऱ्यातून येत होता.

"बाटली गळत असेल," रेडिओ म्हणाला.

मी खाली हात लावला. भुसा कोरडा होता. बाटलीतलं पाणी मात्र बोटभर उतरलेलं.

मी वजनकाटा चालू केला. ताटली रिकामी.

२८६.

बंद करून परत लावला. २८६.

मंगळवारी २८५. बुधवारी २८१.

गुरुवारी मी पाकिटातून ते जुनं पान काढलं. लाल उजेडात वाचलं. चौथा दिवस: २७९.

काट्याकडे बघायची हिंमत होत नव्हती…

२७९.

शुक्रवारी मी सरांकडे गेलो. दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं.

"काटा सर्व्हिसिंगला दे," सर म्हणाले.

"ताई तेच औषध घेतेय, सर. रोज. पाचवा दिवस आहे तिचा. त्याच्या एकोणिसाव्या दिवशी—"

"ती उंदीर आहे का?"

"मग उंदरांवर तपासता कशाला?"

ते उठले. माझ्या अगदी जवळ आले. "बिल्ला कुणी बदलला? वजनं कुणाच्या अक्षरात आहेत? माझ्या? जा, बोंब मार सगळीकडे. ताईलाही सांग. मी अडवत नाही."

मी परत आलो. दुसऱ्या खोलीतला काटा उचलून आणला. त्यावरही तोच आकडा.

त्या दिवशी रेडिओला चेव चढला. "भूतबित काही नाही, वायर गेलीय आतली. हा बघ." असं म्हणून त्याने रिकाम्या ताटलीवर पंजा ठेवला.

आणि तसाच उभा राहिला.

मी हाक मारली. त्याने हळूच हात उचलला, हातमोजा काढून टाकला आणि निघून गेला. त्यानंतर सहा दिवस तो कुणाशीच बोलला नाही. सगळ्यांना गंमत वाटली. रेडिओचा सेल संपला म्हणाले.

मी रोज संध्याकाळी ताईकडे जात होतो. ती खुशीत होती. अकराव्या दिवशी तिने माझ्यासमोर सुईत दोरा ओवला. पहिल्याच खेपेला.

"बघितलंस, धाकट्या? बघितलंस?" ती सुई नाचवत म्हणाली. "तुझ्या उंदरांचे पाय धरायला हवेत बाई."

"जेवलीस का?"

"जात नाही रे घास. पोट भरल्यासारखंच वाटतं. बरंच आहे की, बारीक होतेय. ब्लाउज सैल झालेत."

"ताई, ही गोळी बंद कर."

"का?"

मला सांगता आलं नाही.

"तीन वर्षं मी बशीतून चहा प्यायलेय," ताई म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "परत बंद कर म्हणालास तर या घराची पायरी चढू नकोस."

दुसऱ्या दिवशी मी तो तिसरा पिंजरा खोलीबाहेर काढायचा ठरवलं. झाकण उघडलं. आत नुसता भुसा. कड धरायला हात आत घातला…

हातमोजा फाटला. अंगठ्यात दात रुतले ते थेट हाडापर्यंत.

पिंजऱ्यात काहीही नव्हतं.

नऊ वर्षांत मला उंदीर पुष्कळदा चावले आहेत. घाबरलेला उंदीर चावतो आणि लगेच सोडतो. याने सोडलं नाही. मी हात झटकत होतो आणि ते वजन अंगठ्याला लोंबकळत होतं…

जखम धुताना मागे रेडिओ येऊन उभा राहिला. सातव्या दिवशी पहिल्यांदा बोलला.

"तो श्वास घेत होता," तो म्हणाला. "माझ्या हाताखाली. फार भराभर."

मग म्हणाला, "मी बदली मागितलीय. तूही माग. आणि ताईला खरं सांग, लेका."

खरं सांगायचं म्हणजे नोकरी जाणार. पोलीस येणार. ते एक वेळ चाललं असतं. पण ताई माझ्याकडे कशी बघेल, ते मला बघायचं नव्हतं.

मी दुसरा मार्ग काढला. जो मला येत होता तोच.

पंधराव्या दिवशी ताई देवापाशी बसलेली असताना मी तिच्या डबीतल्या गोळ्या काढून घेतल्या. तशाच दिसणाऱ्या पांढऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या भरल्या. डबीवरचा तिचा नंबर तसाच.

दोन दिवसांत तिचे हात पुन्हा कापायला लागले. तिने मला सांगितलं नाही. पण बशी पुन्हा बाहेर आली होती.

ती जेवायला मात्र लागली. दोन पोळ्या, मग तीन.

काट्यावरचा आकडा उतरतच होता. २४०. २३६. २३१.

एकोणिसाव्या दिवशी मी एकटाच आत गेलो. नऊला टायमर वाजला. अंधार. मी लाल दिव्याखाली उभा राहून काटा लावला.

०.

मी ऐकत राहिलो. तिसऱ्या पिंजऱ्यात काही नाही. बाटली शांत.

समोरच्या भिंतीला एका उंदराने भुसा उकरला. मग दुसऱ्याने. मी भिंतीला टेकून खाली बसलो आणि रडलो. वाचली. माझी ताई वाचली.

तेवढ्यात…

टक.

पहिल्या पिंजऱ्यातून.

मग दुसऱ्या. मग चौथ्या… पाचव्या… उरलेल्या रांगेतून एकदम, तहानेने वेडं झाल्यासारखं. टकटकटकटक. समोरचे साठ उंदीर पुन्हा गप्प.

मी मोजले. तिसरा सोडून अकरा पिंजरे.

काटा वाजायला लागला. ताटली रिकामी, आणि पडद्यावर आकडे नाहीत, नुसत्या रेघा. पेलवत नाही इतकं वजन ठेवलं की त्या येतात.

बाहेर येऊन मी ताईच्या चाचणीच्या डॉक्टरबाईंना फोन लावला. ताईच्या गटात एकूण किती जण, ते मी कधी विचारलंच नव्हतं.

"बारा," त्या म्हणाल्या. "एकदोघांची भूक मंदावलीय, थोडी काळजी होती. पण तुमच्या ताईंचे रिपोर्ट इतके छान आहेत! वजन वाढलंय, किडनी ठणठणीत. त्यांच्याकडे बघूनच आम्ही डोस वाढवायचा ठरवलाय. तुमचे सर सांगत होते, तुम्हीपण याच कामात आहात ना?"

मी हो म्हणालो.

फोन ठेवला.

नोकरी सोडून आता चार महिने झाले. त्या अकरा जणांची नावं मला माहीत नाहीत. विचारलीही नाहीत. डॉक्टरबाईंचा फोन दोनदा येऊन गेला, मी उचलला नाही. ताईला अजून काही सांगितलेलं नाही. हे इथे लिहितोय, कारण इथे लिहिलेलं कुणीच खरं धरत नाही.

परवा सकाळी दहाला स्वयंपाकघरातल्या बंद नळापाशी आवाज आला. मी जाऊन बघितलं नाही. अजून तो तिथेच आहे…

संमतीपत्राच्या दिवशी ताई चष्मा घरी विसरली होती, म्हणून ती पाच पानं मी तिला मोठ्याने वाचून दाखवली. तिसऱ्या पानावर होतं, 'प्राण्यांवरील चाचणीत एकही मृत्यू झालेला नाही.' साक्षीदार म्हणून खालची सही माझी आहे.