मावशीचा ठिपका

आमच्या वर्गात मला ‘घार’ म्हणतात आणि मी ते मिरवते. कुणाचाही एक फोटो द्या, पंधरा मिनिटांत तो माणूस कुठे राहतो, काय शिकला, त्याच्या कुत्र्याचं नाव काय, सगळं काढून देते. पी.टी.चे सर स्वतःच्या लग्नात नाचले होते तो व्हिडिओ मीच शोधला. सरांनी मला आठवडाभर मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, पण त्या फेऱ्याही मी मान ताठ ठेवून मारल्या.

त्यामुळे कॉम्प्युटरच्या बाईंनी प्रकल्प दिला, ‘घरातलं एक माणूस नेटवर कितपत सापडतं ते त्याच्या परवानगीने शोधा’, तेव्हा सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघायला लागला. हिचे मार्क पक्के! पण सोपं माणूस निवडेन तर मी घार कसली? मी मावशीला निवडलं.

मावशी आईची धाकटी बहीण. आठ महिन्यांपूर्वी आमच्याकडे राहायला आली. त्याआधी तिचं चष्म्याचं दुकान होतं. एक गिऱ्हाईक चष्मा करून घेऊन गेलं आणि मग सुटलंच नाही. तिने घर बदललं, तर तो नव्या घराच्या फाटकाशी उभा. नंबर बदलला, तर नव्या नंबरवर पहिला फोन त्याचा. पोलीस म्हणाले, “पण बाई, त्याने केलंय काय?” आणि खरंच, काहीच केलं नव्हतं. तो फक्त तिच्या आधी पोचलेला असायचा. दुकानातल्या कॅमेऱ्यात तो एकदाही उमटला नाही, हे मावशी हसत हसत सांगायची. “माझ्याच दुकानात मलाच एकटीला दिसणारं गिऱ्हाईक! नंबर माझाच तपासायला हवा होता.”

इकडे येताना तिने नेटवरची सगळी खाती बंद केली. तरी बॅग पलंगाखाली भरलेलीच. सापडले की निघायचं, असं तिचं ठरलेलं होतं. हे तिचं चौथं गाव. मला मात्र ती इथेच हवी होती. ती आल्यापासून आमचं घर हसायला शिकलं होतं.

“शोध, घारे,” ती म्हणाली. “नाही सापडले तर महिनाभर भांडी तुझी.”

“आणि सापडलीस तर?”

“तर भांडी घासायला मी असेन कुठे?”

“काहीतरी चांगलं बोला गं दोघी!” आई ओट्याशी उभी राहून ओरडली.

शनिवारची दुपार होती. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. मावशी शेजारी चहा घेऊन बसली. नाव घातलं, काही नाही. जुना नंबर, काही नाही. फोटो घातला तर नेटने मला तिच्यासारख्या दिसणाऱ्या एकशेचार बायका आणि एक घोडा दाखवला. मावशी इतकी हसली की चहा अंगावर सांडला. ती आत जाऊन पिवळा कुर्ता घालून आली.

“हरलीस! साबण कुठे ठेवलाय माहीत आहे ना?”

सहज शेवटचं म्हणून मी नकाशा उघडला. आमची गल्ली, औषधांचं दुकान, सायकलवाला. आणि आमच्या इमारतीवर एक लाल ठिपका. नाव: मावशी.

मी फस्सकन हसले. हा माझ्या वर्गातल्या चिंगीचा उद्योग, दुसरं कोण! लगेच तिला फोन लावला. “आईशप्पथ, मी नाही गं,” चिंगी म्हणाली. “मला तर घराचा पत्तासुद्धा धड टाकता येत नाही.” ते मात्र खरं होतं.

ठिपक्याखाली पाच चांदण्या आणि एकच अभिप्राय. लिहिणाऱ्याच्या नावाच्या जागी नुसता पूर्णविराम.

“मन लावून काम करतात. चहा डाव्या हाताने घेतात.”

मावशीने कप उजव्या हातात घेतला.

“अगं, अंदाजाने लिहिलं असेल कुणीतरी,” मी म्हणाले. तेवढ्यात खाली दुसरी ओळ आली.

“पिवळा रंग शोभतो.”

मी उठून खिडकीपाशी गेले. समोर गोदामाची भिंत. तिला एकही खिडकी नाही, पाइपसुद्धा नाही. भिंतीवर ऊन पडलं होतं, बस्स.

मग फोटो यायला लागले. पहिला आमच्या फाटकाचा. दुसरा जिन्याचा, दुसऱ्या मजल्यावरचा, तिथली फुटकी फरशी अगदी स्पष्ट. तिसरा आमच्या दाराचा. आईने सकाळी धुऊन कठड्यावर टाकलेलं पायपुसणं अजून तिथेच लोंबत होतं.

आईने जाऊन कडी लावली. दाराच्या भोकातून बघितलं. “कुण्णी नाही.”

मावशीने आतून बॅग आणली आणि टेबलाशी ठेवली. त्या बॅगेचा आवाज मला अजिबात आवडला नाही.

“तू कुठेही जायचं नाहीस,” मी म्हणाले. “थांब, मी बघते त्याला.” तक्रारीचं बटण दाबलं. ‘आम्ही तपासू’ असं उत्तर आलं. तपासा सावकाश! मी अभिप्रायाखाली सरळ लिहिलं, अगदी बाईंना अर्ज लिहितात तसं: “या नावाचं इथे कोणी राहत नाही. आपण चुकीच्या पत्त्यावर आला आहात. कृपया निघावे.”

आम्ही तिघी पडद्याकडे बघत राहिलो.

“चूक झाली असेल,” ओळ उमटली. “माफ करा. येतो.”

येतो म्हणाला! निघाला! मी पटकन उत्तर टाकलं आणि त्याच क्षणी ठिपका गेला. अभिप्राय गेला, फोटो गेले, आमच्या इमारतीवर नुसतं करडं छप्पर उरलं. मी खुर्चीवर चढून नाचले. आई म्हणाली, “पडशील गं, माकडे,” पण तीही हसत होती. आणि मावशीने, आठ महिन्यांत पहिल्यांदा, बॅग उघडली. कपडे काढून कपाटात लावले. रिकामी बॅग माळ्यावर टाकली. “चल, भांडी मी घासते,” ती म्हणाली. “जिंकलीस तू.”

नळ सोडता सोडता तिने विचारलं, “शेवटी काय लिहिलंस गं त्याला?”

“काही नाही. तो ‘येतो’ म्हणाला, म्हणून मी लिहिलं, ‘या’.”

नळ बंद झाला.

“म्हणजे आपण म्हणतोच ना तसं,” मी म्हणाले. “निघणारा ‘येतो’ म्हणतो, मग आपण ‘या’ म्हणतो. सवयीने गेलं.”

मी लॅपटॉप पुन्हा उघडला.

ठिपका परत आला होता. त्याचं नाव आता मावशी नव्हतं. नुसता पूर्णविराम. खाली एक ओळ.

“आलो. पाणी तरी विचारा कुणीतरी.”

दाराची कडी लावलेलीच होती. मी माळ्याकडे बघितलं. मावशीनेही बघितलं आणि मान हलवली.

“आता कुठे जाऊ?” ती म्हणाली, अगदी नेहमीच्या आवाजात.

तिने पेला विसळला, भरला, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला ठेवला. आमच्या टेबलाला चार खुर्च्या आहेत आणि आम्ही तिघी. चौथी नेहमी आत सरकवलेली असते.

ती बाहेर ओढलेली होती.