घर क्रमांक २१४ ची हरकत

तांबडखिंड नगरपालिकेच्या तिसऱ्या मजल्यावरच्या थंड खोलीत त्या सकाळी नऊ हजार सहाशे घरांचं म्हणणं चार मिनिटांत नोंदवून झालं. एकही माणूस जिना चढून आला नव्हता. नाला रुंद करण्यासाठी घरपट्टीत वर्षाला तीनशे चाळीस रुपये वाढ करावी, हा प्रस्ताव सलग तिसऱ्या वर्षी बारगळला. डॉ. मृणाल तळेकर यांनी अहवालावर सही केली आणि चहा मागवला. ही यंत्रणा सहा वर्षांपूर्वी त्यांनीच उभारली होती आणि तिचा त्यांना मनापासून अभिमान होता.

अभिमान वाटावा अशीच ती होती म्हणा. करवाढीआधी नागरिकांच्या हरकती मागवायच्या हा जुना नियम. पण हरकतींच्या खिडकीवर पूर्वी यायचे ते भांडायला तरी, नाहीतर नगरसेवकाने पाठवलं म्हणून तरी. उरलेलं गाव घरी बसून पालिकेच्या नावाने बोटं मोडायचं. मृणालताईंनी घरपट्टी भरणाऱ्या प्रत्येकाचा एक छायानागरिक घडवला. त्या माणसाचे जुने अर्ज, तक्रारी, प्रभागसभेतली भाषणं, पट्टी भरण्याच्या सवयी, सगळं यंत्राला शिकवलं. एखाद्या प्रस्तावावर तो माणूस काय म्हणेल, हे त्याचा छायानागरिक शंभरात सत्त्याण्णव वेळा अचूक सांगायचा. मग पालिकेने खिडकीच बंद करून टाकली.

चहा निम्मा झाला असेल नसेल, तोच साठीच्या एक बाई गुडघ्यावर हात टेकत आत आल्या.

"नाल्याला नाही म्हणणाऱ्या मॅडम तुम्हीच का?"

"मी कशाला नाही म्हणू, मावशी? बसा. कुठल्या आळीतल्या?"

"खालच्या. सुभद्रा लोंढे. घर दोनशे चौदा." बाई बसल्या नाहीत. "चौकात कारंजं बसवलंत, कमान उभारलीत. पट्टी एक दिवस चुकली की दंड लावता. आणि नाला म्हटलं की तुमचे हात वर. गेल्या भाद्रपदात पाणी घरात शिरलं, त्यात आमचे मालक गेले. आता माझी दोन नातवंडं त्याच खोलीत झोपतात. यंदा काय करायचं मी?"

"पण हरकत तुमच्याच आळीने घेतली आहे," मृणालताई समजुतीने म्हणाल्या आणि त्यांनी नोंद उघडली. "ही बघा. घर क्रमांक दोनशे चौदा, पुंडलिक सखाराम लोंढे. करवाढीस सक्त हरकत. आज सकाळचीच आहे."

सुभद्राबाई पडद्याकडे बघतच राहिल्या. "आज सकाळी?" त्या हळूच म्हणाल्या. "अहो, हेच तर गेले ना."

मृणालताईंनी मुख्याधिकाऱ्यांना फोन लावला.

तासाभरात मुख्याधिकारी विश्राम गावंडे खाली मान घालून त्यांच्यासमोर बसले होते. "यात तुमच्या यंत्राची चूक नाही," ते म्हणाले. "तुम्ही माणसं घेतलीत आमच्या घरपट्टीच्या वहीतून. आणि त्या वहीतलं नाव कोणी बदलतच नाही. माझ्याच घराची पट्टी अजून आजोबांच्या नावाने येते. ते जाऊन एकतीस वर्षं झाली."

"वारसनोंद का नाही केली?"

"चार काका, दोन आत्या. सगळ्यांच्या सह्या कोण गोळा करणार? पट्टी भरली की झालं. नाव कोणाचं का असेना!"

संध्याकाळी मृत्यूची नोंदवही घरपट्टीच्या वहीशी ताडून पाहिली. पाच हजार तीनशे घरांचे मालक केव्हाच वारले होते. सहा वर्षं तांबडखिंडीचा कारभार स्मशानातून चालला होता आणि जिवंत माणसं मात्र पालिकेला शिव्या घालत होती.

"सरळ वगळा त्यांना," गावंडे म्हणाले.

"वगळायचं तर नियम बदलायला हवा. नियम बदलायचा तर हरकती मागवायला हव्यात. त्या कोण देणार?"

गावंडेंनी वही मिटली. मृणालताईंनीच मग दुसरी वाट काढली. छायानागरिकाला रोज ताजी माहिती मिळायची. बाजारभाव, पाऊसपाणी, घरातली माणसं, सगळं त्याला ठाऊक असायचं. फक्त मृत्यूची वही वेगळ्या खात्यात राहिल्यामुळे ती कधी जोडलीच गेली नव्हती. "ती जोडू. प्रत्येकाला कळू दे की आपण गेलो आहोत. मेलेल्या माणसाला घरपट्टीची कसली धास्ती? हरकती आपोआप गळून पडतील."

हिशेब बिनतोड वाटत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सुभद्राबाईंना मुद्दाम बोलावून त्यांच्यासमोर यंत्र पुन्हा चालवलं. कालपर्यंत या दिवंगतांमधले दहातले सहाजण हरकत घेत होते. आता दहातले नऊजण घेत होते.

मृणालताईंनी घर क्रमांक दोनशे चौदा उघडलं. सुभद्राबाईंना चष्म्याशिवाय वाचता येईना, म्हणून मोठ्याने वाचलं.

"मी दिनांक नऊ सप्टेंबर रोजी मयत झालो असल्याचे समजले. घरात आता माझी पेन्शन येत नाही. मुलाचे काम हंगामी आहे. पत्नी सुभद्रा हिच्या गुडघ्याचे ऑपरेशन पैशाअभावी राहिले आहे. ती कोणाकडे मागणार नाही, मला तिचा स्वभाव माहीत आहे. तिच्यावर एक रुपयाचाही वाढीव बोजा टाकू नये. सबब अत्यंत सक्त हरकत."

मृणालताईंनी पुढच्या नोंदी उघडल्या. बाकीच्या नोंदीही अशाच होत्या. कोणाला विधवा सुनेची काळजी होती, कोणाला लग्नाच्या मुलीची. जाताना माणूस जीव मागे ठेवून जातो, हे मृणालताईंच्या हिशेबात कुठेच नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

सुभद्राबाईंनी पदराने डोळे पुसले. "हेच आहेत. बायकोचं कौतुक असं अर्जातच करायचे. तोंडाने कधी नाही." मग त्या सावरल्या. "अहो, पण पाणी आलं तर गुडघा घेऊन काय करू? यांना सांगा ना. मी भरते म्हणावं तीनशे चाळीस."

"त्यांना तुमचं ऐकता येत नाही, मावशी. वहीत नाव त्यांचं आहे. एकच उपाय आहे, घर तुमच्या नावावर करायचं. तुमच्या मुलाची सही लागेल. पण नाव बदललं की हे पुसले जातील. पुन्हा काही विचारता येणार नाही."

सुभद्राबाई पडद्याकडे वळल्या. "मग आधी त्यांना विचारा," त्या म्हणाल्या. "विचारल्याशिवाय मी त्यांचं काही हलवलं नाही कधी."

मृणालताईंनी प्रश्न घातला. घर क्रमांक २१४, पत्नी सुभद्रा पुंडलिक लोंढे यांच्या नावे करण्याबाबत.

उत्तर लगेच उमटलं. "हरकत नाही."

सुभद्राबाईंनी ते दोन शब्द मृणालताईंकडून पुन्हा एकदा वाचून घेतले आणि सही केली. मुलगा दुपारी येऊन सही करून गेला. संध्याकाळी दोनशे चौदामधली हरकत वहीतून गेली.

मृणालताईंना त्यात वाट दिसली. त्या रात्री घरी गेल्याच नाहीत. उरलेल्या सगळ्या दिवंगतांना त्यांनी हाच एक प्रश्न विचारला, की तुमचं घर तुमच्या माणसांच्या नावे करायचं का? अकराजण सोडले तर सर्वांनी एकच उत्तर दिलं, हरकत नाही. ज्यांच्यासाठी ते रुपयालाही नाही म्हणत होते, त्यांना सगळं घर द्यायला ते एका पायावर तयार होते. गावंडेंनी दुसऱ्याच दिवशी या सव्वापाच हजार घरांना वारसनोंदीच्या नोटिसा काढल्या. वारसांचे छायानागरिक नव्हतेच. त्यामुळे त्यांचं म्हणणं ऐकायला सहा वर्षांनी हरकतींची खिडकी उघडावी लागली.

सोमवारी सकाळी मृणालताई आल्या, तेव्हा रांग जिन्यावरून खाली उतरून त्या नव्या कारंज्यापर्यंत गेली होती. त्यांना भरून आलं. गाव अखेर स्वतःच्या पायांनी आलं होतं. सर्वांत पुढे धोतरातले एक म्हातारे गृहस्थ होते आणि त्यांच्या मागे गावंडे ओशाळून उभे होते.

"हे माझे थोरले काका," गावंडे म्हणाले.

"लिहून घ्या, बाई," काका खिडकीतून आत वाकले. "बापाच्या घराला धाकट्याचं नाव लावायला माझी सक्त हरकत आहे. आणि याच्या आत्यांच्या नावालाही."

मागून धाकटा ओरडला, "माझीही लिहा! थोरल्याच्या नावाला!" त्याच्या मागच्या दोघी बहिणींच्या हातात वकिलाने लिहून दिलेले कागद होते. त्यांच्या मागे दुसरं घर, त्याच्या मागे तिसरं. प्रत्येकाच्या हातात कागद होता. नाल्याचं नाव त्यातल्या एकाही कागदावर नव्हतं.

मृणालताईंनी कोरी वही उघडली आणि पहिली हरकत लिहून घेतली. भाद्रपदाला एकोणीस दिवस उरले होते.