शून्याचा पासंग

दोनशे सतरा क्रमांकाचा अर्क थेंबभर पडला आणि काचेच्या बशीतला कृमी चाळीस मिनिटांत थांबला. त्याआधी दोनशे सोळा झाडांच्या साली, मुळ्या आणि पानं उकळून, गाळून, आटवून झाली होती आणि दर वेळी कृमीने त्या अर्कात खुशाल आंघोळ केली होती. हा अर्क रोहणाच्या सालीचा. खैरबोडीच्या संशोधन केंद्रात टाळ्या वाजल्या, चंद्रपूरहून पेढे आले. केंद्राच्या प्रमुख डॉ. हेमलता बोरकुटे हिने एक पेढा खाल्ला, वेळ नोंदवली आणि पुढची बशी ओढली. आनंद झाला का, असं कोणी विचारलं असतं तर तिला जरा आठवून पाहावं लागलं असतं.

बाई खंबीर, असा तिचा लौकिक होता. दोन वर्षांपूर्वी तिचा एकुलता एक मुलगा पुष्कर नागपूर रस्त्यावर ट्रकखाली गेला. तेरावं आटोपलं आणि चौदाव्या दिवशी ही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली. लोकांनी तोंडात बोटं घातली आणि कौतुकही केलं. नवऱ्याने केलं नाही. धनराज नागपूरच्या शाळेत भूगोल शिकवायचा. वर्षभर तो तिच्या डोळ्यांत पाणी शोधत राहिला. मग "पोरगा माझ्या एकट्याचाच होता का?" एवढं विचारून त्याने इथे येणं कायमचं सोडलं. तिला त्याचंही काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, एवढं मात्र कळत होतं.

खैरबोडी म्हणजे धानाची खाचरं, त्यांच्या पाण्यासाठी गावोगावी खोदलेले तलाव आणि त्या तलावांवर पोसलेले डास. डासांमार्फत हत्तीपायाचा कृमी माणसात शिरतो आणि आठ-दहा वर्षं तिथे बिनभाड्याने राहतो. एवढा पाहुणा आत शिरल्यावर शरीराने खरं तर आकाशपाताळ एक करायला हवं. ते करत नाही, कारण कृमी एक द्रव्य पाझरवत असतो. त्या द्रव्याने शरीर निर्धास्त होतं, म्हणून केंद्राने त्याला निर्धास्तक असं नाव दिलं होतं आणि रक्तातलं त्याचं प्रमाण मोजायला निर्धास्तकमापक नावाचं यंत्रही एका कंपनीकडून बनवून घेतलं होतं. काही जणांचे पाय सुजत. बाकीच्यांना आपल्या आत कोणी राहतं याचा पत्ताही नसे.

बशीतलं यश माणसांत उतरायला दोन वर्षं लागली. आधी नागपूरच्या चाळीस निरोगी विद्यार्थ्यांना अर्काची गोळी देऊन ती विषारी नाही याची खात्री केली. मग गावातले साठ बाधित निवडले. संमतिपत्रं वाचून दाखवल्यावर साठही जणांनी एकही शंका न विचारता सह्या केल्या, अंगठे उठवले. गाव मोठं समजूतदार आहे, असं हेमलताने अहवालात लिहिलं.

तिसऱ्या आठवड्यात कृमी मेले आणि गाव रडू लागलं.

पहिली आली सायत्राबाई मोहुर्ले, सत्तरीची. "मॅडम, मायं माणूस जाऊन नऊ वर्सं झाली. तवा मी पाचव्या दिवशी धानाच्या रोवणीले उभी होती. अन् आता त्याचा सदरा दिसला का रडूच येऊन राह्यलं. हे तुमच्या गोळीनं केलं काय?"

हेमलताने तिचं नाव दुष्परिणामांच्या यादीत लिहिलं. आठवड्याअखेर यादीत एकेचाळीस नावं झाली. कोणी वीस वर्षांपूर्वी गेलेल्या आईसाठी रडत होतं, कोणी विकलेल्या बैलासाठी. चाचणी थांबवायची पाळी आली, तेव्हा पुण्याहून डॉ. अनंत रेगुंडवार यांना बोलावण्यात आलं. प्रतिकारशक्ती आणि मेंदू यांचं नातं हा त्यांचा विषय. ते दहा दिवस गावात फिरले, चहा प्यायले आणि मग प्रयोगशाळेत येऊन बसले.

"गोळीचा दोष नाही, मॅडम," ते म्हणाले. "नागपूरच्या पोरांनी हीच गोळी घेतली, त्यांतलं एकही रडलं नाही. ही माणसं कृमी गेला म्हणून रडतायत."

"कृमी लसिकावाहिन्यांत असतो. मेंदूशी त्याचा काय संबंध?"

"कृमीचा नाही, निर्धास्तकाचा आहे. जखम झाली की शरीर ज्या रेणूंकरवी बोंब मारतं, जवळजवळ त्याच रेणूंकरवी मेंदू शोक करतो. दोन्हीकडचा निरोप्या एकच. कृमीला पहिली बोंब बंद करायची होती, दुसरी फुकटात बंद झाली. यांचं दुःख कुठे गेलं नव्हतं. ते नुसतं पोचत नव्हतं."

हेमलताने विचार केला. तिचा विचार नेहमीच सरळ रेषेत चाले. "मग भीतीही पोचत नसणार," ती म्हणाली. "साठ जणांनी एक शंका न विचारता सह्या केल्या. ती संमती नव्हती. ते निर्धास्तक होतं."



नवा नियम तिनेच लिहिला. बाधित माणसाची सही पुरेशी धरायची नाही. तिच्यासोबत त्याच्या जवळच्या, कृमी नसलेल्या माणसाची सहसंमती हवी. ज्याला दुःख म्हणजे काय ते कळतं, त्याने ठरवायचं. नैतिकता समितीने पंधरा दिवसांत नियम मंजूर केला. चाचणी पुन्हा सुरू झाली.

मग यंत्र बिघडलं. निदान रेगुंडवारांना तसं वाटलं. बऱ्या झालेल्यांच्या रक्तात निर्धास्तक शून्यावर यायला हवं होतं, पण मापक ऋण आकडे दाखवत होता. सायत्राबाई उणे चार. तिचा दीर उणे चार. नसलेली वस्तू नसण्याहून कमी कशी असेल, म्हणून ते यंत्राच्या कंपनीवर उखडले. हेमलताने नागपूरच्या विद्यार्थ्यांचं साठवलेलं रक्त मागवलं. त्या पोरांना कृमीचा वाराही लागलेला नव्हता. तरी उणे चार.

"यंत्र बरोबर आहे," ती म्हणाली. "तराजूलाच पासंग आहे."

सहा वर्षांपूर्वी मापकाला शून्य म्हणजे काय ते शिकवायचं होतं. त्यासाठी शुद्ध रक्त हवं होतं. तेव्हा केंद्रात हजर होती ती एकटी, आणि तिने हात पुढे केला होता. डॉक्टरचं रक्त कोण तपासतो? त्या वेळची कुपी अजून शीतपेटीत होती. तिने ती मापकाला दिली: शून्य. आज सकाळचं आपलं रक्त दिलं: शून्य. चार मात्रा निर्धास्तक म्हणजे काहीच नाही, असं यंत्र सहा वर्षं मानून चाललं होतं, आणि तीही. अख्ख्या जिल्ह्यात कृमी धुंडाळला, काखेत कळसा आणि गावाला वळसा.

पुष्कर गेला त्याला चार वर्षं झाली होती. सहातून चार गेले दोन: तो गेला तेव्हा कृमी तिच्यात निदान दोन वर्षं राहत होता. हा हिशेब तिने मनात केला, आणि काही वाटतंय का ते पाहायला थोडी थांबली. काही वाटलं नाही.

गोळी समोरच्या कपाटात होती. पण नियम तिचाच. तिची सही पुरेशी नव्हती.

तिने नागपूरला फोन केला आणि धनराज दुसऱ्या दिवशी दुपारी आला. केस पार पिकले होते. तिने त्याला निर्धास्तक, मापक, उणे चार, सगळं क्रमाने सांगितलं, आकड्यांसकट. तो भिंतीकडे पाहत ऐकत राहिला.

"म्हणजे तू दगड नव्हतीस," तो शेवटी म्हणाला आणि त्याने तोंड ओंजळीत धरलं. त्याचे खांदे हलत होते. तिने पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला आणि तो सावरेपर्यंत वाट पाहिली. मग सहसंमतीचा कागद पुढे केला.

त्याने कागद दोनदा वाचला आणि परत ढकलला. "रोज सकाळी जाग आली की दोन क्षण काही आठवत नाही. मग आठवतं. पोरगा रोज नव्याने जातो, हेमा. चार वर्षं झाली. हे मी सही करून तुला देऊ?"

"मला ठरवता येत नाही," ती म्हणाली. "मला ते हवंसंही वाटत नाही आणि नकोसंही."

मग त्याने विचारलं, "हा कृमी मला देता येईल का?"

प्रश्न तांत्रिक होता आणि उत्तर तिला येत होतं. बाधित डास केंद्रात पाळलेले आहेत, तिने सांगितलं. चावे मात्र बरेच घ्यावे लागतील, काही महिने रोज. कृमी वाढून निर्धास्तक पाझरायला साधारण वर्ष जातं, पुढे आठेक वर्षं चिंता नाही. चौघांत एकाचा पाय सुजतो, म्हणून पाय रोज धुऊन कोरडे ठेवायचे. कायद्यात बसणार नाही, पण करायला अवघड नाही.

तो तिच्या तोंडाकडे पाहत होता. ती थांबल्यावरही थोडा वेळ पाहत राहिला, ती आणखी काही म्हणेल अशा आशेने. मग त्याने कागद ओढून घेतला आणि सही केली.

सहीखाली कारणाचा रकाना होता. तो भरल्याशिवाय सहसंमती धरली जात नसे. तिने पेन उघडलं. "कारण काय लिहू?"

"मी कृमी मागितला, तरी तू नको म्हणाली नाहीस," तो म्हणाला.

तिने रकान्यात ते शब्द तसेच लिहिले, आणि गोळी पाण्याबरोबर घेतली.