मधल्या कॅपवरचं कुंकू

अभिषेक, तो मोबाइल आधी पालथा ठेव. लाईट गेली की तुझ्या तोंडावर तो निळा उजेड पडतो, आणि मला भूत तूच वाटतोस. प्रिया, तू भिंतीला टेकून बस. भ्यायलीस तर ओरडायचं नाही, गुमान उशी कवटाळायची.

ही गोष्ट आमच्या श्रीवत्सची. हुबळीत केशवापुरातला वकील. मी जन्मभर कोर्टात कारकुनी केली, त्यानं अंगावर काळा कोट चढवला तेव्हापासून मी त्याला ओळखतो. त्यानं स्वतः सांगितलंय मला. आणि फुकटात खोटं बोलणारा वकील मी तरी अजून पाहिलेला नाही.

तर दोन वर्षांमागं, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, कोर्ट सुटल्यावर श्रीवत्स कोप्पीकर रोडला गेला. कशाला? तर कुलूप घ्यायला. रस्त्यावर झेंडूचे ढीग, केळीचे खुंट, कोहळे, पाय ठेवायला जागा नाही. आणि हा बाबा दुकानात उभा राहून एकेक कुलूप कानाशी नेऊन किल्ली फिरवतोय.

"तिजोरीला पाहिजे काय री, वकीलसाहेब?" दुकानदारानं विचारलं.

"शेडला," श्रीवत्स म्हणाला, आणि दुकानातलं सगळ्यात जड कुलूप घेऊन घरी आला.

घरामागं त्याची पत्र्याची शेड होती, आणि तिच्यात वडिलांची गाडी. उघड्या टपाची, दोघांपुरती, लालभडक विलायती स्पोर्ट्स कार. वडील गेले तेव्हापासून ती धूळ खात पडलेली. पण श्रीवत्सची मुलगी वेदश्री हट्टाला पेटली. दिवाळीच्या पाडव्याला गोव्यात जुन्या गाड्यांचा मेळावा भरणार होता. आजोबांची गाडी घाट उतरून मी नेणार, मी एकटी, म्हणाली. लेकीपुढं वकिलाचा युक्तिवाद कुठं चालतो? उतरवलं इंजिन.

काम दिलं महादेव मिस्त्रीला. माणूस मूळचा अळणावरकडचा, गॅरेज जुन्या हुबळीत. पण या कामासाठी तो रोज श्रीवत्सच्या शेडमध्ये यायचा. इंजिनाचा नटन् नट सुटा करून रॉकेलमध्ये धुतला. ब्लॉकला मूळचा हिरवा रंग दिला. वरचं ॲल्युमिनियमचं झाकण तर असं घासलं, की श्रीवत्स त्यात बघून भांग पाडायचा. आणि त्याची एक रीत होती. काम पक्कं झालं की नटावर कुंकवाचा ठिपका. उजव्या अंगठ्यानं. अंगठ्याचं टोक तरुणपणी फॅनबेल्टनं नेलेलं, त्यामुळं ठिपका कधी गोल उमटायचा नाही, वरून कापल्यासारखा सपाट. एकदा कुंकू लागलं की त्या नटाला परत कुणी हात लावायचा नाही. देवाला वाहिलेलं फूल आपण परत उचलतो का? तसं.

गणपतीच्या दिवसांत महादेवला ताप भरला. तशा तापात त्यानं क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा, बसवला. क्रँक ब्लॉकमध्ये घट्ट धरून ठेवायला लोखंडी कॅप असतात, त्या आवळल्या, एकेका कॅपवर कुंकू लावलं, घरी गेला. तो गेलाच. अंथरुणातून उठला नाही.

उरलेलं काम त्याच्या भाच्यानं, मंजुनाथनं केलं. तिशीचा पोरगा, बोलणं कमी. शेडची एक किल्ली मामाकडची त्याच्याकडे आली. इंजिन स्टँडवर उलटं टांगलेलं, खालचं तेलाचं भांडं आणि ते घासलेलं झाकण तेवढं बसवायचं राहिलेलं. ते दसऱ्याच्या मुहूर्तावर बसवायचं ठरलं.

आणि एका सकाळी मधल्या कॅपचे नट सैल निघाले.

श्रीवत्सनं आवळले. दोन दिवसांनी परत सैल. बाकी कॅपना धक्का नाही, फक्त मधली. आणि तिच्यावरचं कुंकू पुसलेलं.

आता किल्ल्या दोघांकडेच. एक माझ्याकडे, एक मंजुनाथकडे, श्रीवत्सनं विचार केला. त्यात एका दलालानं ते इंजिन विकत मागितलेलं, आणि तो दलाल मंजुनाथच्याच गल्लीतला. झालं! वकिलाच्या डोक्यात खटला उभा राहिला. इंजिन रोज बिघडवायचं, साहेब वैतागला की विकायला लावायचं. संशय हा असला पाहुणा आहे बघा, एकदा घरात शिरला की जेवल्याशिवाय हलत नाही. मंजुनाथ हसला तरी संशय, गप्प बसला तरी संशय. तो हात धुवायला नळावर गेला तर श्रीवत्स खिडकीतून बघायचा, खिशात काही जड आहे का.

म्हणून ते कुलूप. किल्ली एकच, आणि ती बांधली जानव्याला.

खंडेनवमीच्या सकाळी शेड उघडली.

नट सैल.

तुम्ही-मी असतो तर म्हणालो असतो, अरे, हे काहीतरी वेगळंय. हा काय म्हणाला? "मिस्त्री लोकांना कुलूप काय, तारेनंसुद्धा उघडतं!" दात-ओठ खात त्यानं नट परत आवळले.

दुपारी पूजा. सगळी हत्यारं पुसून फळीवर मांडली, हळद-कुंकू लावलं, नट आवळायच्या टॉर्क पान्यावर सगळ्यात मोठं झेंडूचं फूल. श्रीवत्सची बायको दीपश्री आरती घेऊन उभी, वेदश्रीनं कोहळा आणलेला. मंजुनाथ नवा शर्ट घालून आला होता. आणि तिथं, सगळ्यांदेखत, श्रीवत्सनं तोंड सोडलं.

"रात्री कशाला येतोस रे इथं?"

"मी? नानल्ल, अण्णा. मी नाही!"

"मग नट कोण सोडतं? तुझा मामा येतो का वरून?"

मंजुनाथचा चेहरा उतरला. "देवराणे, देवाशपथ सांगतो, अण्णा. त्यावर मामाचं कुंकू होतं. मी हात लावेन काय हो त्याला? हात झडतील माझे."

"बाबा, पुरे!" वेदश्री म्हणाली. पण सुटलेला बाण तो. मंजुनाथनं जुनी किल्ली काढून आरतीच्या तबकात ठेवली, हत्यारांना नमस्कार केला आणि निघून गेला. कोहळा फोडायला कुणाचा हात उठेना.

अभिषेक, हसतोस काय? पूजेतली हत्यारं दसऱ्यापर्यंत उचलायची नसतात, हे माहीत आहे ना? ते ध्यानात ठेव, पुढं लागेल.

त्या रात्री श्रीवत्स शेडमध्येच बसला. आतून कडी. बाहेरून चोर आला तर हातोहात धरायचा. इंजिनापासून दोन हातांवर खुर्ची, मांडीवर बॅटरी, दिवा बंद. फळीवर निरांजन तेवत होतं. झकास घासलेलं ते झाकणही पूजेत ठेवलेलं, त्यात निरांजनाची ज्योत दिसायची. बाहेर कुठंतरी देवीची गाणी चालली होती. ती थांबली. नवमीचा चंद्र मावळला. निरांजनही विझलं.

डोळा लागला असेल, नसेल.

कट्.

घट्ट नट पहिल्यांदा सुटतो ना, तो आवाज.

श्रीवत्स ताठ झाला. दार बघितलं. कडी जागच्या जागी. मग आवाज आला. बारीक. कुर्र... कुर्र...

"मंजुनाथ?"

...

कुर्र...

त्यानं बॅटरी लावली. आधी फळीवर. पाने सगळे जागेवर. टॉर्क पान्यावरचं फूलही हललेलं नाही. झाकणात बघितलं. त्यात तो एकटाच दिसत होता.

मग इंजिनावर.

मधल्या कॅपचा नट फिरत होता.

पाना नाही. हात नाही. नुसता नट. थोडा फिरायचा. थांबायचा. दमल्यासारखा. परत फिरायचा...

श्रीवत्सला ओरडायचं होतं. बॅटरी तेवढी नटावर धरून राहिला. नट वर आला, कलला, खालच्या ट्रेमध्ये पडला.

टण्ण.

मग दुसरा. कुर्र...

टण्ण.

मग काहीच नाही.

आणि वास आला. रॉकेल. कुंकू. तापलेल्या अंगाचा वास...

"मिस्त्री...?"

कुणी बोललं नाही. पण ती कॅप... ती जागच्या जागी थरथरत होती. उचलायला बघतंय कुणीतरी, आणि उचलत नाहीय. ताकद नसलेल्या माणसासारखं. तापातल्या माणसासारखं.

श्रीवत्स मला म्हणाला, "पद्मनाभकाका, त्या क्षणी भीती गेली हो. नुसतं वाईट वाटलं." तो उठला. पाना उचलायची गरजच नव्हती, नट तर सुटलेले. नुसत्या हातांनी त्यानं कॅप धरली आणि ओढली.

कॅप निघाली. थरथर थांबली.

कॅपच्या आत बेरिंगची अर्धी वाटी बसते, तशीच एक ब्लॉकच्या बाजूला. एकीला तेल यायचं भोक असतं, दुसरीला नसतं. भोकाची वाटी ब्लॉककडे बसवायची, तेल तिकडून येतं. श्रीवत्सनं बॅटरी जवळ नेली.

भोकाची वाटी कॅपमध्ये होती.

उलटं बसलेलं. तापात, डोळ्यांपुढं अंधारी असताना, महादेवच्या हातून वाट्यांची अदलाबदल झालेली. आणि वर कुंकू. त्या कुंकवापायी भाच्यानं कॅप उघडून बघितली नाही, श्रीवत्सनं बघितली नाही, सैल झाली तरी हा वरूनच आवळत राहिला. क्रँकला मध्ये तेलाचा थेंब मिळाला नसता. इंजिन गरम झालं की जॅम. कुठं झालं असतं जॅम? घाटात. वेदश्री एकटी, हातात चाक, आणि मागची चाकं जागच्या जागी धरलेली...

श्रीवत्स तिथंच फरशीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला.

दसऱ्याच्या सकाळी अंघोळ करून तो बन्नीची, म्हणजे शमीची, पानं घेऊन जुन्या हुबळीत गेला. मंजुनाथच्या दारात सगळं सांगितलं, आणि भर गल्लीत वाकून त्याच्या हातात पानं दिली. "सोनं घे रे. माझं चुकलं."

मंजुनाथनं पानं कपाळाला लावली. मग म्हणाला, "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण, अण्णा." सोनं घेऊन सोन्यासारखं राहूया. आला बिचारा. क्रँक उचलून वाट्या नीट बसवल्या, कॅप आवळली. दीपश्रीनं कुंकवाचा करंडा पुढं केला तर मान हलवली.

"ते मामाचं, अक्का. मी नाही लावणार."

कॅपवर कुंकू न लावताच खालचं भांडं बसवलं. इंजिन गाडीत चढलं, सुरू झालं. पाडव्याला वेदश्री घाट उतरून गोव्याला गेली आणि सुखरूप परत आली.

संपली? माणसाचा स्वभाव असा संपतो होय! महिनाभरानं श्रीवत्सच्या मनात परत पाल चुकचुकली. मंजुनाथनं अपमान गिळून काम केलं होतं. राग ठेवला असेल तर? मुद्दाम एखादा नट कमी आवळला असेल तर? गाडी तर रोज पोरगीच काढते. मग एका रविवारी, कुणाला न सांगता, त्यानं तेल काढलं, भांडं उतरवलं, आणि दिवा घेऊन गाडीखाली आडवा झाला.

वर सगळं काळं. तेल निथळत होतं, एक थेंब त्याच्या कपाळावर पडला. त्यानं पाना लावून मधले नट तपासले. मंजुनाथनं आवळलेले, केसभरही ढिले नाहीत. पाना बाजूला घेतला आणि दिवा जवळ नेला.

कॅपवर चारी बाजूंनी तेल ओघळत होतं. मध्ये तेवढी जागा सोडून. तिथं कुंकवाचा ठिपका होता. त्यानं बोट लावलं. कोरडं. बोटाला लाल भुकटी लागली.

ठिपका वरून सपाट होता.