दुसऱ्यांच्या चुकांनी भरलेलं घर

खोपटच्या एसटी डेपोत, देवगड गाडीच्या रांगेत, हेमांगीला एक मोर दिसला. डोकं खाली, पाय वर. एका उंच तरुणाच्या खांद्यावरच्या पिशवीवर तो छापलेला होता. मोर तिच्याच कारखान्यातला होता.

आत्याला गाडीत बसवायला आलेली ती, आत्याला तिथेच सोडून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"ही पिशवी कुठून आणलीत?"

त्याने आधी पिशवीकडे बघितलं, मग तिच्याकडे. "चोरलेली नाही हो. मोर तेवढा उलटा आहे, माणूस सरळ आहे."

आलेलं हसू तिने गालातच दाबलं. "आमच्याकडनं बिघडलेली वस्तू बाहेर जात नाही."

"बाहेर नाही… पण घरी जाते ना? मी कलावतीबाईंचा साईनाथ."

कलावतीबाई! कारखान्यात त्यांच्याच शेजारी उभं राहून तर हेमांगी छपाई शिकली होती.

तिच्या आजोबांनी, गुणाजींनी, डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका पत्र्याच्या शेडमध्ये कीचेन बनवायला घेतल्या. मग पेनं, घड्याळं, डबे, पिशव्या. कंपन्या दिवाळीला गिऱ्हाइकांना भेटी वाटतात ना, त्या सगळ्या. नाव त्या कंपनीचं, घाम आपला. बिघडलेली वस्तू विकायची नाही आणि टाकायचीही नाही, कामगारांनी घरी न्यायची, हा गुणाजींचा नियम. फक्त ज्याने बिघडवली त्याने नाही! नाहीतर घरी घड्याळ हवं असलं की प्रत्येकाचा हात चुकला असता. गुणाजी काही दुधखुळे नव्हते.

"आईचा हात कधी चुकला नाही," साईनाथ म्हणाला, "म्हणून सगळ्यांच्या चुका आमच्या घरात."

कारखान्याला यंदा पन्नास वर्षं होत होती. आजवर केलेलं सगळं एकदा मांडून बघायचं, ही हेमांगीच्या बाबांची, विश्रामरावांची, इच्छा. पण चांगल्या वस्तू गिऱ्हाइकांबरोबर गेलेल्या, आणि नमुन्यांचं कपाट पुरात बुडालेलं.

"घर बघायला येऊ?" तिने सहज विचारलं. सहज म्हणजे… अगदीच सहज नव्हे.

कलावतीबाईंच्या दोन खोल्यांत कारखान्याची सगळी वर्षं नांदत होती. एका बाजूला कललेलं घड्याळ, अक्षरं सांडलेला डबा, हिरव्याचा निळा झालेला कंपास.

"वर्गात पोरं हसायची," साईनाथ म्हणाला. "पण मार्क चांगले पडायचे हां."

तो आता ठाण्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवत होता. मग प्रदर्शनासाठी अशाच वस्तू गोळा करत दोघं मिळूनच जुन्या कामगारांच्या घरोघर हिंडू लागली. खडवलीला निवृत्त सीतारामकाकांकडे एक थर्मास मिळाला, त्यावर बँकेचं नाव एकाखाली एक दोनदा छापलेलं.

"बघा मॅडम, एकावर एक फ्री."

"मॅडम म्हणायचं थांबवा आधी."

"मग काय म्हणू?"

"सुचलं की म्हणा…"

त्याला सुचलेलं होतं. पण ओठाशी येऊन परत जात होतं. का, ते तिला एका रविवारी त्याच्या घरी कळलं. स्वयंपाकघरातून कलावतीबाईंचा दबका आवाज आला — "ज्यांचं मीठ खाल्लं, त्यांच्या लेकीकडे तसं बघायचं नाय, बाबू." हेमांगीच्या हातातला चहा कडू लागला. प्रदर्शन झालं की याला यायला कारण उरणार नव्हतं… आणि कारणाशिवाय हा येणाऱ्यांतला नव्हता.

प्रदर्शन शेडमध्येच भरलं. प्रत्येक वस्तूखाली साईनाथच्या देखण्या अक्षरात, ती कुणाच्या घरून आली ते. जुने कामगार नातवंडांना बोट दाखवून सांगत होते, "ही माझी चूक!" आणि छाती अशी फुगलेली, जणू पदकच मिळालंय. विश्रामरावांनी सगळ्यांदेखत कलावतीबाईंसमोर हात जोडले.

"बाई, आम्ही विकत राहिलो, तुम्ही जपत राहिलात. मीठ आम्ही तुमचं खाल्लंय."

कलावतीबाईंनी पदराने डोळे पुसले. साईनाथ मात्र आईकडेच बघत राहिला.

गर्दी ओसरली. दोघं वस्तू कागदात गुंडाळत होती.

"संपलं काम, मॅडम."

"संपलं. मग?"

"मग… काही नाही."

"बोलायचंय ते बोला. कागदात काय गुंडाळताय?"

त्याने हातातला कागद खाली ठेवला. "तुमच्याकडनं आमच्या घरी आलं ते सगळं कुठेतरी बिघडलेलं. त्यावरच वाढलो, मजेत वाढलो. कधी विसरणार नाही ते. पण… धड काही मागायची सवयच नाही."

"धड मी तरी कुठे आहे? बाबा म्हणतात, माझी जीभ जरा तिरकीच छापली गेलीय." तिचा आवाज बारीक झाला. "मागून तर बघा."

"हेमांगी…" तो म्हणाला. पहिल्यांदाच. "माझ्याशी लग्न करशील?"

"करेन."

एवढंच. पंख्याचा वारा लागून कागद उडाले, पण गोळा करायला कुणीच वाकलं नाही.

"अगो," दारातून कलावतीबाई म्हणाल्या. कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे. "हो म्हणण्याआधी नीट तपासून घे. झोपेत घोरतो तो!"

"आई!" साईनाथ कानापर्यंत लाल.

"बाई," हेमांगी म्हणाली, "मी मशिनांच्या खडखडाटात पाळण्यात झोपलेली पोर आहे. मला लागते झोप."