सत्तावीस नंबरचा कोट

हॉटेलचे कपडे पोचवणाऱ्या गाडीवाल्याचा पाय मोडला, म्हणून त्या दिवशी बत्तीस कोटांचं गाठोडं घेऊन ड्रायक्लीनिंगच्या दुकानात हॉटेलचा दुसराच माणूस आला. हॉटेलात युनिफॉर्मचं कपाट सांभाळणारा. उंच, सरळ, बोलायला कंजूष. गाठोडं काउंटरवर ठेवून सोडायला गेला, तर त्याचा आणि काउंटरमागच्या मुलीचा हात एकाच गाठीवर.

"सोडा," ती म्हणाली.

"काय... हात?"

"नाही, गाठ. हातही सोडलात तर बरं होईल. बत्तीस कोट मोजायचेत."

दुकान तिच्या आत्याचं. तिला सगळे डागवाली म्हणत आणि ती ते मानाने मिरवी. का नाही मिरवणार? चार वर्षं तिने कपड्यांना नुसत्या नंबराच्या चिठ्ठ्या टाचल्या, तेव्हा कुठे दोन महिन्यांपूर्वी आत्याने तिला डाग काढायच्या टेबलावर बसवलं. बसवताना बजावलंही, "एक कपडा बिघडला, की परत चिठ्ठ्या. भाची असलीस तरी."

गाडीवाल्याचा पाय काही लवकर बरा होईना. आठवड्यातून दोनदा तोच येऊ लागला, आणि घाई नसल्यासारखा थांबू लागला. ती खिसे उलटे करी, चिठ्ठी टाची, कोट दिव्याखाली धरी आणि दर कोटाला विचारी, "यावर काय सांडलंय?"

"सगळं धुऊनच निघणार ना? मग विचारता कशाला?"

"धुतो कोण इथे? मशीनमध्ये पाणी नसतंच. सॉल्व्हंट असतं. त्याने तेल जातं, लोणी जातं, लिपस्टिक जाते."

"आमच्या वेटरांच्या कोटाला लिपस्टिक?"

"ते तुमचं तुम्ही बघा. पण साखर जात नाही. गोड चहा सांडून वाळला, की डोळ्यांना दिसत नाही. वाफेची इस्त्री लागली, की साखर भाजते आणि डाग तपकिरी होऊन वर येतो. म्हणून आधी सांगायचं. मशीनच्या आधी तो पाण्याने काढावा लागतो."

तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो स्वतः चिठ्ठ्या टाचायला शिकला. बोटाला टाचणी लागली की तिच्याकडे बघे — जणू तिनेच टोचली. आत्या वाफेच्या प्रेसमागून खाकरे.

मग आला सत्तावीस नंबर. मुख्य वेटरचा क्रीम कोट. दुसऱ्या दिवशी हॉटेलात मोठी मेजवानी.

"यावर काय सांडलंय?"

"काही नाही." त्याचे कान लाल झाले.

खरं म्हणजे तिथे तिने कोट नाकाशी धरायला हवा होता. रोज धरायची. पण त्या लाल कानांकडे बघण्यात ते राहून गेलं, आणि कोट मशीनमध्ये गेला.

सकाळी प्रेसवर वाफ सुटली आणि छातीवर तळहाताएवढा तपकिरी डाग उमटला.

"ऊठ त्या टेबलावरून," आत्या म्हणाली. आवाज चढवला नाही. त्यानेच जास्त लागलं.

"आत्या, मी विचारलं होतं गं..."

"विचारायला तोंड दिलंय, हुंगायला नाक दिलंय. नाक कुठे ठेवलं होतंस?"

उत्तर होतं, पण आत्याला देण्यासारखं नव्हतं. ती उठली आणि चिठ्ठ्यांचा डबा पुढे ओढून बसली.

दुपारी तो कोट न्यायला आला. सोबत मॅनेजर. मॅनेजरने डाग पाहिला मात्र, "उद्यापासून आमचे कपडे दुसरीकडे जातील," म्हणाला. "कामात लक्ष नाही या मुलीचं."

ती चिठ्ठ्या टाचत राहिली. एकदा तिच्याकडे, एकदा रिकाम्या टेबलाकडे बघून तो मॅनेजरच्या पुढे झाला.

"साहेब, चूक यांची नाही. चहा माझ्याच हातून सांडला. ओल्या रुमालाने पुसून वाळवला मी. यांनी विचारलं, तर मी खोटं बोललो."

"खोटं? का पण?"

"तीन आठवडे यांनी मला हेच शिकवलं होतं... यांच्यासमोर वेंधळा दिसायचं नव्हतं मला."

"मग आता काय राजबिंडा दिसतोयस?" आत्या म्हणाली.

मॅनेजरला हसू आवरेना, तरी त्याने दम भरलाच: "संध्याकाळपर्यंत कोट स्वच्छ हवा. नाहीतर उद्यापासून कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे." आणि तो गेला.

डागवाली उठली. कुणाला न विचारता टेबलावर जाऊन बसली. "कोमट पाणी आणा. आणि ती व्हिनेगरची बाटली."

डागाखाली पांढरं फडकं. कडेकडून आत, थेंब थेंब, घासायचं नाही, नुसतं टिपायचं. फडकं तपकिरी झालं, की तो दुसरं सरकवी. तासभर असंच.

"रागावलात?" त्याने विचारलं.

"हो." आणखी एक थेंब टिपून, "थोडी माझ्यावरही. मी हुंगलाच नाही तो कोट. तुमच्याकडे बघत होते."

फडकं त्याच्या हातातून खाली पडलं.

"उचला. ते पण धुवायला लावाल."

कोट सुकला. प्रेसची वाफ तिघांनी श्वास रोखून पाहिली. क्रीमचा क्रीम. आत्याने तो उजेडात उलटासुलटा केला, दोनदा हुंगला आणि चिठ्ठ्यांचा डबा स्वतःकडे ओढला. एवढंच. आत्याकडून याहून जास्त कुणाला मिळालं नव्हतं.

तो कोट हातावर घेऊन दाराशी रेंगाळला. "सोमवारपासून गाडीवाला येतोय. मला आता इथे... काम नाही."

"मग?"

"काय म्हणून येऊ?"

"इथे येऊच नका. रविवारी माझ्या घरी या. पाच वाजता. आईबाबा असतील. काय म्हणून आलात, ते त्यांना तुमच्या तोंडाने सांगा — आणि या वेळी खरं सांगा."

रविवारी तो चारलाच आला. तिचे केस ओले, अंगात विटका गाऊन. दुसऱ्या कुणाला तिने तशा अवतारात दार उघडलं नसतं.

"कोण गं?" आतून आईने विचारलं.

"माझ्याकडे आलेत," ती म्हणाली, आणि त्याला आत घेतलं.